गिटारच्या फळीचा जोड: आधी उजेड, मग सरस
गिटारची पुढची फळी स्प्रूस ह्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या दोन फळ्या जोडून बनते. त्या दोन्ही पुस्तकासारख्या मिटून, कडा जुळवून शिकंज्यात धरा आणि लांब रंधा दोन्हींवर एकदमच मारा. हात जरा कलला तरी चालतं. फळ्या उघडल्या की दोन्ही कडांचा कल एकमेकांना खाऊन टाकतो. मग जोड खिडकीशी धरून बघा. केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, तरी पुन्हा रंधा. सरस फट भरेल ही आशा सोडा. माझा पहिला जोड फळी पातळ करताना उकलला, तो ह्याच आळसापायी. चिकटवताना खाली मेणकागद हवाच, नाहीतर टेबलच वाजवावं लागेल. बाजूने दाब बेताचा: जोडभर सरसाचे बारीक थेंब उमटले की पुरे. जास्त आवळलं तर 4 मिलिमीटरची फळी छपरासारखी उचलते, म्हणून जोडावर वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.