फुलं येतात, फळ धरत नाही? या चुका टाळा

पुण्यात गच्चीवर बाग करणाऱ्यांची ठरलेली तक्रार: "फुलं ढीगभर, पण फळ काही धरत नाही." आणि लगेच पुढचा प्रश्न: "काय फवारू?" फूल नर होतं की मादी, किती वाजता उमललं, त्यावर कोण येऊन बसलं, हे कोणी सांगत नाही, कारण बघितलेलंच नसतं. औषध बाटलीत मिळतं, बघण्याचं काम स्वतःलाच करावं लागतं.

नर फुलं खुडणं, आणि चुकीच्या वेळी ब्रश फिरवणं

दुधी, भोपळा, काकडी, दोडका, कारलं यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नरच येतात. मादी फूल ओळखणं अवघड नाही. पाकळ्यांच्या खाली इवलासा, लव असलेला दुधी असतो. नर फुलाखाली फक्त बारीक लांब देठ. लोक त्यांना 'वांझ फुलं' म्हणतात आणि वेलाची ताकद वाया जाते म्हणून खुडून टाकतात. मग मादी फूल आल्यावर पराग आणायचे कुठून?

कोथरूडच्या एका सोसायटीतल्या काकांचा वेल मात्र दृष्ट लागेल असा होता. व्हिडिओ बघून थ्री-जी कटिंग (शेंडे खुडून आडफांद्या वाढवणं) केलेलं, त्यामुळे मादी फुलं खरोखरच भरपूर. पण प्रत्येक दुधी बोटाएवढा झाला की पिवळा पडून गळायचा. काकांनी बोरॉन दिलं, आंबट ताक फवारलं, हिंगाचं पाणी घातलं. शेवटी चहा-पेपर उरकून रोज सकाळी दहा वाजता ब्रशने परागीभवन सुरू केलं. तरी तेच. मी म्हटलं, "काका, संध्याकाळी येतो, तेव्हा बघू."

दिवेलागणीला कळ्या सुटायला लागल्या, चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या पांढऱ्या. दुधी संध्याकाळी फुलतो, रात्रभर उघडा राहतो आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकतो. काका इतके दिवस कोमेजलेल्या फुलांची सेवा करत होते. आम्ही ताजं नर फूल तोडलं, पाकळ्या सोलून काढल्या आणि मधला पिवळा पुंकेसरांचा गोळा मादी फुलाच्या जाड, दुभागलेल्या कुक्षींवर (पराग झेलणाऱ्या टोकांवर) हलकेच टेकवत फिरवला. ब्रश मी वापरतच नाही, निम्मे पराग केसांतच अडकतात. पुढच्या आठवड्यात दुधी लोंबायला लागले. काकांनी श्रेय बोरॉनला दिलं, ते असो.

ही वेळ वेलाने उगाच धरलेली नाही. पांढरं फूल अंधारात दिसतं आणि त्यावर लांब सोंडेचे निशाचर पतंग येतात. लाल भोपळा पहाटे उमलतो, पिवळाधमक, मधमाश्यांसाठी, आणि दुपार व्हायच्या आत मिटतो. दोडका आणि घोसाळं तर सख्खे भाऊ, पण दोडका संध्याकाळी फुलतो आणि घोसाळं पहाटे. जवळच्या जातींनी अशा वेळा वाटून घेतल्या की परागांची सरमिसळ कमी होते आणि जाती वेगळ्या राहतात. तेव्हा दुधीला सकाळी नऊ ते पाचची ड्यूटी लावू नका.

थ्री-जी कटिंगला माझा विरोध नाही, आडफांद्यांवर मादी फुलं जास्त येतात हे खरं. पण वेलाने अजून बाळसं धरलेलं नसताना शेंडा खुडणाऱ्यांना काय म्हणावं? मादी फुलं कितीही आणा, दुधीतल्या प्रत्येक बीजांडाला (ज्याची पुढे बी होते) स्वतंत्र परागकण लागतो. परागनलिका दोन नरपेशी खाली नेते. एक अंडपेशीशी मिळते, दुसरीतून भ्रूणपोष, म्हणजे बीमधल्या कोंबाची शिदोरी, तयार होतो. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ साली दाखवलं. वाढणाऱ्या बिया संप्रेरकं सोडतात, त्यावर फळ फुगतं. म्हणूनच पराग अर्धवट पडले की दुधी एका टोकाला बारीक आणि वाकडा होतो. त्यात खत ओतून तो सरळ होत नाही.

दुधी कडू, दोष शेजारच्या कारल्याला

सदाशिव पेठेत यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. एकांचा दुधी कडू निघाला, भिंतीपलीकडे दुसऱ्यांचं कारलं. 'आमच्या दुधीवर आपल्या कारल्याची सावली पाडू नये' अशी पाटी लागायचीच काय ती बाकी होती. बिचारं कारलं मुळासकट गेलं. पुढचा दुधीही कडूच!

कारल्याचा आणि दुधीचा संकर होतच नाही. आणि पराग रानटी कडू भोपळ्याचा आला तरी यंदाच्या फळाचा गर बिघडत नाही, कारण गर हा आईच्या अंडाशयाचा. बदल होतो बियांत, आणि तो कळतो पुढच्या वर्षी. (मक्यात लगेच दिसतो, कारण तिथे आपण बीच खातो.) गुन्हेगार होता दुधीवाल्या काकूंनी डब्यात जपून ठेवलेलं घरचं बी. कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा, रानटी पूर्वजांचं संरक्षणाचं हत्यार. माणसाने निवडून निवडून तो मागे सारला, पण संकरातून तो परत डोकं वर काढतो. असा दुधी चव बघूनच फेकून द्या. औषध म्हणून त्याचा रस पिऊन लोक दवाखान्यात पोचलेत.

बी धरायचंच तर देशी वाणाचं धरा. पाकिटावर एफ-१ (पहिल्या पिढीचा संकर) छापलेलं असेल तर पुढची पिढी विस्कटणार, मेंडेलने वाटाण्यावर दाखवून आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. माझी सवय अशी: परके पराग शिरू नयेत म्हणून दुपारीच नर-मादी दोन्ही कळ्यांची तोंडं शिवणाच्या दोऱ्याने बांधायची, संध्याकाळी सोडून पराग लावायचे, मादी फूल परत बांधायचं आणि देठाला लाल दोरा. तो दुधी मग कोणी मागितला तरी तोडायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा, हलवल्यावर आत बी खुळखुळेपर्यंत.

बाकीच्या

टोमॅटोला ब्रश लावू नका. पराग पुंकेसरांच्या नळीत असतात आणि थरथरीने सांडतात. भुंगा गुणगुणून ते काम करतो, तुम्ही टिचकी मारा. मेच्या उन्हात फुलं गळत असतील तर टिचकीही उपयोगाची नाही.

पपईच्या नराला खिळा ठोकून तो मादी होत नाही. दोन-तीन रोपं एकत्र लावा, फुलं आल्यावर लांब झुपके लोंबणारी उपटा.

उमललेल्या फुलांवर फवारणी नको, निंबोळी अर्काचीसुद्धा नको.

मोहोळ जाळून महिन्याभरात "काकडी का धरत नाही?" विचारणाऱ्या सोसायट्यांना मी आता उत्तर देत नाही. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच शहरात आहे, जाळण्याआधी तिथे तरी विचारा.

अंजिराला फूल दिसत नाही म्हणून घाबरू नका. फुलं फळाच्या आतच असतात, आणि पुरंदरकडचं अंजीर परागीभवनाशिवायच धरतं.

आणि कारवी. एका गृहस्थांनी हौसेने रोप आणलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात "फुलत नाही, बदलून मिळेल का?" म्हणून विचारायला आले. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी टाकून मरते. त्यांना मी मेथी पेरायला सांगितली.