नीट रिपीट करताय? मग या चुका टाळा

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागतो, चार दिवस घरात कुणी धड बोलत नाही, मग रिपीटचं ठरतं, क्लासची फी भरली जाते आणि जुलैत ‘युनिट्स अँड मेजरमेंट्स’पासून पुन्हा श्रीगणेशा होतो. तीच पुस्तकं, त्याच नोट्स, तास मात्र आधीपेक्षा जास्त. एवढं करूनही पुढच्या वर्षी वीस-तीसच गुण वाढले, अशी मुलं दर वर्षी दिसतात. मागच्या पेपरात गुण नेमके कुठे गेले, हे त्यांनी बघितलेलंच नसतं. वर्ष वाया जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

पेपर न तपासता अभ्यास सुरू करणं

नीटची प्रश्नपत्रिका घरी नेता येते. ओएमआरची (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन केलेली प्रत परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर मिळते, अंतिम उत्तरसूचीही मिळते. म्हणजे तपासणीचं सगळं साहित्य हाताशी असतं. तरीही तो पेपर पुन्हा उघडायची इच्छा होत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत हे काम उरकून घ्या. उशीर झाला की प्रश्न सोडवताना डोक्यात काय चाललं होतं ते आठवत नाही, आणि तपासणीत खरं महत्त्व त्यालाच आहे.

एक उदाहरण घेऊ. ४९८ गुण आहेत. बरोबर १३५, चूक ४२, सोडलेले ३. (बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा: १३५ × ४ = ५४०, वजा ४२.) आता चुकलेल्या ४२ प्रश्नांपुढे एकेक खूण करा: पहिली, हे येतच नव्हतं, तुक्का मारला; दुसरी, येत होतं, पण घाईत वाचलं किंवा आकडेमोड चुकली; आणि तिसरी, खात्रीने गोल काळा केला, तरी चुकलं. समजा हे अनुक्रमे १८, ११ आणि १३ निघाले.

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. बरोबर आलेल्या १३५ मध्येही तुक्के असतात, तेही मोजायचे. समजा ते ६ आहेत. म्हणजे एकूण तुक्के २४, त्यातून मिळाले २४ गुण, गेले १८, निव्वळ फायदा ६. म्हणजे या मुलाला निगेटिव्ह मार्किंगने बुडवलेलं नाही. घाईने चुकलेल्या ११ प्रश्नांत प्रत्येकी ५ गुणांचा फरक पडला (मिळायचे ४ मिळाले नाहीत, वर १ कापला गेला), म्हणजे ५५ गुण. खात्रीने चुकलेल्या १३ प्रश्नांत ६५. हे सगळे परत मिळत नाहीत, पण निम्मे मिळाले तरी साठ गुण झाले, आणि त्यासाठी एकही नवा धडा वाचावा लागत नाही.

सगळ्यात घातक गट तिसरा. जे येत नाही ते निदान माहीत असतं. जे चुकीचं डोक्यात बसलंय, ते दुसऱ्यांदा अभ्यास करताना ‘हे तर येतंच’ म्हणून आपण पुढे ढकलतो. बेरिलियमपेक्षा बोरॉनची आयनीकरण एन्थाल्पी कमी आहे, नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनची कमी आहे. पण ‘आवर्त सारणीत डावीकडून उजवीकडे वाढते’ एवढंच डोक्यात पक्कं असेल, तर पुस्तक दहा वेळा वाचूनही नजर त्या अपवादावरून घसरत राहते. असे प्रश्न आधी बाजूला काढा, त्यांचे धडे यादीत सर्वांत वर ठेवा आणि ते शिक्षकांसमोर बसून सोडवा.

चुकांची वही म्हणजे उत्तरांची वही समजणं

क्लासमध्ये ‘एरर नोटबुक’ ठेवायला सांगतात. मुलं त्यात चुकलेला प्रश्न आणि त्याचं पूर्ण उत्तर सुबक अक्षरात उतरवतात, आणि वही बंद होते. तिचा उपयोग शून्य.

वहीत उत्तर लिहूच नका. लिहायचं ते एवढंच: प्रश्न कुठला, मी काय समजलो, आणि पुढच्या वेळी कशावरून सावध व्हायचं. उदाहरणार्थ, भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, शक्ती काढा. घाईत १ भागिले २० करून ०.०५ येतं आणि पर्यायांत ०.०५ दिलेलाही असतो. वहीत नोंद अशी: ‘पॉवर म्हटलं की अंतर आधी मीटरमध्ये. ०.२० मी, म्हणून ५ डायॉप्टर.’ दोन ओळी, बस्स. मग तोच प्रश्न आठवड्याने आणि पुन्हा तीन आठवड्यांनी कोऱ्या कागदावर सोडवायचा. दोन्ही वेळा बरोबर आला तरच नोंदीवर काट मारायची.

दिवाळीपर्यंत या वहीत ठरावीक पाच-सहा सवयी पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. बायोलॉजीत बहुधा ‘चुकीचे विधान ओळखा’ असा प्रश्न असतो आणि पहिलं बरोबर विधान दिसताच गोल काळा होतो. अशा प्रश्नातल्या ‘चुकीचे’ शब्दाखाली पेनाने रेघ मारणं आणि चारही विधानांपुढे बरोबर-चूक लिहिणं, याला पाच सेकंद जातात. असर्शन-रीझन (विधान आणि कारण) प्रश्नांमध्ये दोन्ही विधानं खरी निघाली की मुलं थेट ‘दोन्ही बरोबर आणि कारणही योग्य’ हा पर्याय धरतात. दुसरं विधान पहिल्याचं कारण आहे का, हा खरा प्रश्न तसाच राहतो. दोन विधानांच्या मध्ये ‘कारण’ हा शब्द घालून वाक्य सलग वाचून बघा.

जुन्या नोट्स, जुना साचा

ताई-दादांच्या नोट्स प्रेमाने मिळतात आणि घात करतात. एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) २०२४ च्या नीटपासून अभ्यासक्रम बदलला. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, बायोलॉजीतलं डायजेशन अँड ॲब्सॉर्प्शन, मिनरल न्यूट्रिशन हे वगळलं. उलट प्रात्यक्षिकांवर आधारित भाग वाढला आणि फुलझाडांच्या कुळांच्या यादीतही भर पडली. जुन्या टेस्ट सिरीजमध्ये वगळलेल्या धड्यांवरचे प्रश्न असतात. त्यात गुण गेले म्हणून वाईट वाटून घेण्यातही वेळ जातो. अभ्यासक्रमाची ताजी पीडीएफ छापून भिंतीवर लावा आणि नोट्समधली नको ती पानं सरळ काढून टाका.

साचाही बदललाय. २०२१ ते २०२४ या काळात २०० पैकी १८० प्रश्न सोडवायचे होते, प्रत्येक विषयाच्या ‘ब’ विभागात १५ पैकी १० निवडायची मुभा होती आणि २०२२ पासून वेळ २०० मिनिटं होता. २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ १८० मिनिटं. आधीच्या पद्धतीची सवय असलेल्यांना ही वीस मिनिटं महाग पडतात.

राज्य मंडळाची बारावी केलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. बालभारतीची पुस्तकं चांगली आहेत, पण नीटच्या बायोलॉजीत विधानांची शब्दरचना एनसीईआरटीच्या वळणाची असते. बायोलॉजी आणि इनऑरगॅनिकसाठी एनसीईआरटीच मूळ पुस्तक धरा, तेही आकृत्या, तक्ते आणि चौकटींसकट. नुसतं वाचून मात्र भागत नाही. पान वाचलं की पुस्तक मिटायचं आणि त्यातली आठ-दहा विधानं आठवून लिहायची. जे आठवलं नाही तेवढंच पुन्हा वाचायचं.

फिजिक्सपासून पळणं

‘बायोमध्ये ३४० आणू, फिजिक्समध्ये शंभर पुरे’ हा हिशेब सोपा वाटतो. पण बायोलॉजीत ३०० च्या पुढे प्रत्येक गुण जास्त मेहनत मागतो, आणि फिजिक्समध्ये ६० वरून १०० वर जायला फक्त दहा जादा बरोबर उत्तरं लागतात. २०२५ चा फिजिक्सचा पेपर लांबलचक आकडेमोडीचा होता. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते.

सूत्रांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा रोज २५ प्रश्न घड्याळ लावून सोडवा, एकाच धड्याचे नव्हे तर मिसळून. एकाच धड्याचे प्रश्न सोडवताना कुठलं सूत्र लावायचं ते धड्याच्या नावावरूनच कळतं. परीक्षेत ती सोय नसते. आकडे घालण्याआधी अक्षरांतच समीकरण आटोपशीर करा, आणि उत्तर आलं की एकक व दहाचा घात पर्यायाशी ताडून बघा.

मॉक सकाळी, एसीत, मोबाइलवर

नीट दुपारी २ ते ५ या वेळेत असते, मे महिन्यात, विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना. गेट दीडला बंद होतं. वर्षभर दुपारी जेवून तासभर झोपणाऱ्याला त्या दिवशी तीन वाजता पेंग येणारच. निदान शेवटच्या तीन महिन्यांतल्या मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दुपारी दोनलाच द्या, छापील पेपरवर, छापील ओएमआरवर, बॉलपेनने.

ओएमआरला प्रत्यक्ष वेळ लागतो. एका गोलाला चार-पाच सेकंद धरले तरी १८० गोलांना १२ ते १५ मिनिटं. सगळे गोल शेवटी भरायचे ठरवलं की हीच मिनिटं हातात राहत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला गोल भरत बसलं तर लय तुटते. पानागणिक भरणं बरं: एक पान सोडवलं, उत्तरं प्रश्नपत्रिकेवर खुणावली, मग त्या पानाचे गोल. प्रश्न सोडला असेल तर त्याचा क्रमांक मनात म्हणून पुढे जा. एक ओळ सरकली की पुढचे सगळे सरकतात, आणि बॉलपेनने काळा केलेला गोल पुसता येत नाही.

वेळेची वाटणी बहुतेकांना बायोलॉजी ५०, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५ आणि उरलेली १५ मिनिटं सोडलेल्या प्रश्नांसाठी, अशी झेपते. तुमची वेगळी असू शकेल, पण ती जानेवारीत ठरलेली असावी. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रयोग नकोत.

तुक्क्यांबद्दल क्लासमध्ये दोन टोकांचे सल्ले मिळतात. गणित साधं आहे: पाचात एक तुक्का बरोबर आला की बरोबरी होते. चारपैकी दोन पर्याय नक्की उडवता आले तर उत्तर देणंच फायद्याचं. पण पर्याय बनवणारे नेहमीच्या चुकांवरूनच पर्याय बनवतात, म्हणून अर्धवट आठवणीवर मारलेला तुक्का निव्वळ नशिबापेक्षाही वाईट निघू शकतो. प्रत्येक मॉकमध्ये तुक्क्यापुढे टिंब ठेवा आणि दहा मॉकनंतर स्वतःचं प्रमाण मोजा. ते प्रमाण सांगेल तेच तुमचं धोरण.

आणि मॉक तीन तासांची असेल तर तपासणीलाही तेवढाच वेळ द्या. रोज एक मॉक देऊन फक्त गुण पाहणाऱ्याला स्वतःच्या चुका कळत नाहीत.

गुणांचं लक्ष्य, रँकचा विसर

‘मला ६०० हवेत’ हे लक्ष्य दर वर्षी वेगळा अर्थ घेतं. २०२४ आणि २०२५ मध्ये सारख्याच गुणांना मिळालेल्या रँकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. खुल्या प्रवर्गाचा पात्रता कटऑफ २०२५ मध्ये १४४ होता, पण पात्र होणं आणि जागा मिळणं यांचा संबंध फार थोडा. राज्याच्या ८५ टक्के कोट्याच्या जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) भरतात. तिथल्या मागच्या फेऱ्यांच्या याद्या तुमच्या प्रवर्गासाठी रँकच्या हिशेबाने पाहा, गुणांच्या नव्हे.

क्लास बदलला म्हणजे प्रश्न सुटला असं समजणं

लातूर, नांदेड, पुणे की कोटा, हे ठरवण्याआधी चुकांची वरची वर्गवारी समोर ठेवा. चुका मुख्यतः घाईच्या आणि वाचनाच्या असतील, तर पुन्हा पूर्ण अभ्यासक्रम शिकवणारी महागडी बॅच तुमचा आजार बरा करणार नाही. चांगली टेस्ट सिरीज आणि शंका बघणारा एक शिक्षक पुरे. फिजिक्सचा पायाच कच्चा असेल तर मात्र शिकवणारं माणूस हवंच. बॅच निवडताना जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा हे विचारा: अभ्यासक्रम डिसेंबर-जानेवारीत संपतो का, आणि शंका विचारायला सर समोर भेटतात की ॲपवर.

घरी येणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न, मित्रांचे कॉलेजचे फोटो, यांचा त्रास होणारच. पण झोप उडाली, जेवण जाईना, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं असं दोन आठवडे चाललं, तर त्याला आळस म्हणू नका; डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. आईवडिलांनी दर रविवारी ‘किती आले?’ विचारण्याऐवजी ‘कुठल्या चुका कमी झाल्या?’ विचारलं, तर मुलगा मॉकचे गुण लपवत नाही.

कागदपत्रं पुढच्या जूनवर ढकलणं

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. कमी पडत असतील तर मंडळाच्या श्रेणीसुधार परीक्षेचा फॉर्म वेळेत भरा. पुरेसे असतील तर बारावी पुन्हा द्यायच्या फंदात पडू नका, नीटच्या मेरिटमध्ये ते गुण धरत नाहीत. वयाची वरची मर्यादा आणि प्रयत्नांची मर्यादा सध्या नाही.

मधल्या वर्षात बीएएमएस किंवा बीएस्सीला प्रवेश घेऊन शेजारी नीट करायचं ठरवत असाल, तर प्रवेश रद्द करण्याचे नियम, फी परत मिळण्याच्या तारखा आणि मूळ टीसी कधी परत मिळेल, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. अर्ज याच पावसाळ्यात टाका. नॉन क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रांची मुदत पुढच्या प्रवेशाच्या वर्षात वैध आहे का, ते तारखेसकट पाहा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवरच्या नावांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. जुलैत कॅपच्या फेरीत कागदपत्रं दाखवायची वेळ येते, तेव्हा तहसीलच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो.