भिंतीत जाणारी नेटवर्क केबल: या चुका टाळा

"भाऊ, केबलच तर आहे, कोणतीबी चालून जाते ना!" नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांपासून बेसाच्या अर्धवट इमारतींपर्यंत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता चीड येते. स्विच उद्या बदलता येतो, राउटर परवा. पीओपीच्या छताआड गेलेली केबल मात्र तोडफोडीशिवाय हाती लागत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे सीसीए. केबलच्या डब्यावर ठळक 'कॅट ६' (केबलचा दर्जा; कॅट ५ई त्याच्या खालचा) आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सीसीए', म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या मानकात तार तांब्याचीच लागते, त्यामुळे या डब्यावरचा 'कॅट ६' हा शब्दच खोटा.

वर्धा रोडवरच्या एका चार मजली इमारतीत मालकांनी केबल स्वतः आणून ठेवली होती. मी डबा न तपासता काम सुरू केलं, ही माझी चूक. दिवसभर कॅमेरे उत्तम चालायचे आणि अंधार पडला की टोकाचे दोन सारखे बंद-चालू व्हायचे. आधी कॅमेरा बदलला, मग स्विच. तिसऱ्या संध्याकाळी शिडीवर उभा असताना लक्षात आलं की इन्फ्रारेड दिवे लागतात त्याच क्षणी कॅमेरा बंद पडतो. पीओईमध्ये (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेऱ्याची वीज नेटवर्क केबलच्याच तारांतून येते. दिवे लागले की करंट वाढतो, आणि जवळपास ९० मीटरच्या त्या बारीक तारेत व्होल्टेज गळून पडत होतं. प्लग कापून तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरीफटक. नवीन पीओपी फोडून दोन्ही लाइन पुन्हा टाकल्या. डब्यामागे वाचलेले पैसे मिस्त्रीच्या एका दिवसातच गेले.

तेव्हापासून दुकानातच तार खरवडून बघतो. दुकानदार नको म्हणाला तर डबा तिथेच सोडतो. वजनही बोलतं: २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा वाढला की तार बारीक) ३०५ मीटरमध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं, सीसीएचा डबा उचलताच हलका लागतो. आणि पहिली लाइन टाकली की केबलमधल्या चार जोड्यांपैकी एका जोडीच्या दोन्ही तारा पलीकडच्या टोकाला एकत्र पिळून इकडून मल्टिमीटरने तारेचा रोध मोजतो. २३ गेजच्या ५० मीटरला ७ ओहमच्या आसपास आलं तर ठीक. २४ गेज असेल तर साडेआठपर्यंत चालतं. साडेनऊच्या पुढे गेलं तर काम थांबवतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक गच्चीवर दिसते. घरातली करडी पीव्हीसी केबल कूलरच्या स्टँडला बांधून उन्हात सोडलेली. नागपूरचा मे, पारा ४५ च्या वर. अशा दोन-तीन उन्हाळ्यांत आवरण कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी जोड्यांत शिरतं. बाहेर काळ्या पॉलिइथिलीन आवरणाचीच घ्या, कारण तिच्यातला कार्बन ऊन सोसतो. पण हीच केबल जिन्यातून चार मजले आत नेऊ नका, ती पेट घेते. आत, विशेषतः दवाखाना किंवा शिकवणी वर्ग असेल तर, कमी धुराची हॅलोजनमुक्त केबल मागा. पीव्हीसी जळताना सुटणारा वायू श्वासनलिका भाजतो, आणि जिना हीच बाहेर पडायची वाट असते. तापलेल्या तारेत सिग्नलही जास्त झिजतो, म्हणून नेटवर्क लाइनला १०० मीटरची मर्यादा असली तरी गच्चीवरची लाइन मी ८० च्या आतच ठेवतो.

विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपात केबल घालू नका. हा नियम मोडणाऱ्या वायरमनशी मी वाद घालत नाही, वेगळा पाइप टाकायला लावतो.

प्लग लावताना जोड्यांचा पीळ १३ मिलीमीटरपेक्षा जास्त उकलू नका. मध्ये जोड नको, लाइन कमी पडली तर नवीन ओढा.

आणि त्या दिवे लुकलुकणाऱ्या स्वस्त टेस्टरवर 'पास' पाहून प्लास्टर लावायला सांगू नका. नवशिक्यांना इथेच घाई होते. तो टेस्टर तार तुटलेली नाही एवढंच सांगतो, ती कशाची आहे हे नाही. प्रत्येक लाइनचा ओहमचा आकडा तिच्या नंबरासमोर वहीत लिहा आणि मगच मिस्त्रीला बोलवा.