शाफ्टवाल्या जुन्या बाईकचा प्ले (ढिलाई) शोधताय? या चुका टाळा

चेन नाही म्हणजे मागे बघायलाच नको, असं म्हणत शाफ्टवाली (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक फिरवणारी) गाडी वर्षानुवर्षं पळवली जाते, मग एक दिवस गिअर टाकताना मागून ठक्कन आवाज येतो, आपण चाक हाताने पुढेमागे हलवतो, ते हलतं, आणि लगेच ठरवून मोकळे होतो की फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकाजवळचा गिअरचा डबा) गेला. मीही हेच केलं होतं. अख्खा ड्राइव्ह उतरवून टेबलावर घेतला, आतले दात एकदम मस्त, आणि दोष निघाला स्प्लाइनमध्ये (शाफ्टच्या जोडावरच्या, एकमेकांत बसणाऱ्या उभ्या खाचा), तिथे ग्रीसचा थेंब नव्हता, नुसती लालसर तपकिरी पावडर.

चाकाला लागणारा प्ले ही बेरीज असते हे विसरणं, ही सगळ्यात मोठी चूक. गिअरबॉक्समधले डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दांडे), शाफ्टच्या स्प्लाइन, क्रॉस जॉइंट (शाफ्टला वाकू देणारा सांधा), क्राउन-पिनियन (फायनल ड्राइव्हमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी), हबमधले रबर डॅम्पर असतील तर तेही, सगळ्यांचं थोडं थोडं मिळून ते होतं. त्यात डॉग तर मुद्दामच सैल असतात, नाहीतर गिअर पडणारच नाही. म्हणून गाडी सेंटर स्टँडवर घ्या, गिअरमध्ये टाका, गिअरबॉक्सकडचा रबर बूट सरकवून शाफ्टचं टोक दिसेल असं करा आणि चाक हळू हलवताना नजर तिथे ठेवा (दुसरा कोणी चाक हलवायला असेल तर बेस्ट). टोक चाकासोबत हलतंय तर तेवढा प्ले गिअरबॉक्स किंवा त्याच्या पुढचा, टोक गप्प आणि चाक हलतंय तर मागचा. न्यूट्रल करून चाक थोडं फिरवा, परत गिअर टाकून बघा, असं तीन-चार जागी. झीज सगळीकडे सारखी नसते, एका जागी बघून निकाल देऊ नका.

क्रॉस जॉइंटला प्ले नाही म्हणजे तो चांगला, असं अजिबात नाही. शाफ्ट बाहेर असेल तेव्हा जॉइंट दोन्ही दिशांना हाताने वाकवा, मधोमध खाच लागल्यासारखा अडकला तर तो गेलेला, मग प्ले शून्य का असेना. आणि दोन जॉइंटवाला शाफ्ट परत जोडताना दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दोन बोटांचे काटे) एका रेषेत आहेत ना ते बघा, इथे चुकलात तर प्ले काढायला गेलात आणि व्हायब्रेशन घेऊन आलात असं होईल.

चाक आडवं हलतंय का तेही बघायचं. वर-खाली धरून आणि पुढे-मागे धरून, दोन्ही प्रकारे. दोन्हीकडे सारखं हललं तर चाकाचं बेअरिंग, किंवा एका बाजूच्या आर्मवाल्या गाडीत फायनल ड्राइव्हचं मोठं बेअरिंग, फक्त पुढे-मागे धरल्यावरच हललं तर आधी स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा आर्म) पिव्हटकडे, म्हणजे तो फ्रेमला जोडतो तिथे बघा.

ऑइल बदलताना ड्रेन प्लगचं मॅग्नेट पुसून टाकायची लोकांना भारी घाई. राखाडी बारीक चिखल चालतो, चकत्या किंवा काटे नाही चालत, आणि ऑइल दुधट असेल तर पाणी शिरलंय. जुन्या दोन शॉकच्या बीएमडब्ल्यूत शाफ्टच्या नळीला वेगळं ऑइल असतं, ते विसरणारे खूप. स्प्लाइनला मात्र साधं ग्रीस नको, ते फेकलं जातं, मॉलिब्डेनम जास्त असलेली पेस्टच लावा.

शिम (पातळ चकत्या) टाकून प्ले शून्य करायच्या फंदात पडू नका. दातांना थोडी जागा लागतेच, नाहीतर ड्राइव्ह तापतो, किंचाळतो आणि दात खातो.

कमी स्पीडला गाडी झटके मारत असेल तर शाफ्ट उघडण्याआधी कार्बोरेटरचं सिंक (दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडतात का) आणि थ्रॉटल केबलची ढिलाई बघा, बऱ्याच वेळा चोर तिथेच सापडतो. आणि गॅस दिल्यावर मागचा भाग वर उचलला जातो, सोडला की बसतो, हा तर प्लेच नाही, पिनियन क्राउनवर चढायला बघतो त्याचा तो परिणाम, बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये पॅरालिव्हर (जादा दांडा असलेला मागचा आर्म) आणला तो हेच कमी करायला. त्यासाठी काहीही उघडू नका.