ओबीएसमध्ये पट्ट्या आणि फलक आपोआप दाखवणे व लपवणे

कबड्डीच्या सामन्याचे थेट प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसेच सांभाळतात. चढाई 30 सेकंदांची असते. प्रो कबड्डीच्या नियमांप्रमाणे खेळताना एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी चढाई निर्णायक ठरते. तशी सूचना देणारी पट्टी चढाईपटू मध्यरेषा ओलांडताना पडद्यावर यायला हवी आणि चढाई संपताच जायला हवी. ओबीएस स्टुडिओ या थेट प्रक्षेपणाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वेळी पट्टीच्या नावाशेजारच्या, ती दाखवण्या-लपवण्याच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून हे साधत नाही, कारण त्या क्षणी हात कॅमेऱ्यावर असतो. म्हणून हे काम संगणकाकडे सोपवावे.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. ओबीएसमध्ये कॅमेरा, पट्टी, व्हिडिओ अशा प्रत्येक घटकाला सोर्स म्हणतात, पडद्यावरच्या एका मांडणीला सीन म्हणतात आणि सीनमध्ये घेतलेल्या सोर्सला त्या सीनचा आयटम म्हणतात. डोळ्याचे चिन्ह सोर्सचे नसते, ते त्या सीनमधल्या आयटमचे असते. गुणफलकाचा एकच सोर्स 'मैदान' आणि 'रीप्ले' या दोन सीनमध्ये घेतला असेल, तर एका ठिकाणी तो लपवल्याने दुसऱ्या ठिकाणी लपत नाही. त्यामुळे कोणतेही साधन वापरताना सीन आणि आयटम ही दोन्ही नावे द्यावी लागतात. सर्वत्र एकदम लपणारा फलक हवा असेल, तर सगळ्या पट्ट्या 'ग्राफिक्स' नावाच्या वेगळ्या सीनमध्ये ठेवाव्यात आणि तो सीनच इतर सीनमध्ये सोर्स म्हणून घालावा. मग दृश्यता एकाच जागी बदलावी लागते. माझ्या मते प्रत्येकाने मांडणी सुरुवातीपासून अशीच करावी.

सर्वांत साधा मार्ग हॉटकीचा, म्हणजे कीबोर्डवरच्या ठरवून दिलेल्या कळीचा आहे. सेटिंग्जमधील हॉटकीच्या पानावर प्रत्येक आयटमसाठी 'दाखवा' आणि 'लपवा' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. दोन्हींना एकच कळ दिली तर ती उलटसुलट चालते, पण तसे करू नये. घाईत कळ दोनदा दाबली गेली, तर पट्टी आली की गेली हे कळत नाही. दोन स्वतंत्र कळा असल्या की कितीही वेळा दाबले तरी परिणाम ठरलेलाच राहतो. हाच नियम पुढच्या सर्व साधनांना लागू आहे: 'स्थिती उलटी कर' असा आदेश टाळावा आणि 'दाखव' किंवा 'लपव' असे स्पष्ट सांगावे.

खरे स्वयंचलन 'ॲडव्हान्स्ड सीन स्विचर' या मोफत प्लगइनने, म्हणजे ओबीएसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने करता येते. ते बसवल्यावर टूल्स मेनूत दिसते. त्यात मॅक्रो तयार करायचा असतो, म्हणजे वरच्या भागात अट आणि खालच्या भागात कृती मांडायची असते. आमच्याकडे गुणलेखक ज्या प्रोग्रॅममध्ये गुण भरतो, तो प्रोग्रॅम निर्णायक चढाई आली की एका टेक्स्ट फाइलमध्ये 1 लिहितो आणि ती संपली की 0 लिहितो. पहिल्या मॅक्रोची अट अशी, की फाइलमधला मजकूर 1 असावा. तिची कृती अशी, की 'ग्राफिक्स' सीनमधली पट्टी दाखवावी. दुसऱ्या मॅक्रोत 0 आणि लपवणे. सुरुवातीला फाइलमध्ये मराठी शब्द लिहिला जात असे, तेव्हा शेवटी राहिलेल्या एका रिकाम्या ओळीमुळे तुलना जुळली नाही आणि पट्टी आलीच नाही. म्हणून एकच आकडा लिहावा आणि फाइलमध्ये दुसरे काहीही ठेवू नये. अट बदलेल तेव्हाच कृती व्हावी, हा पर्यायही चालू ठेवावा, नाहीतर मॅक्रो तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो आणि हाताने लपवलेली पट्टी लगेच परत येते.

प्रायोजकांच्या व्हिडिओसाठी अट माध्यमाच्या स्थितीची घ्यावी: व्हिडिओ संपला की आयटम लपवावा. मध्यंतर पाच मिनिटांचे असले तरी ते लांबते, त्यामुळे ठरावीक मिनिटांच्या प्रतीक्षेवर विसंबू नये. एकदा मी तसे केले आणि उत्तरार्धाची पहिली चढाई जाहिरातीमागे झाकली गेली. प्रेक्षकांनी ती पाहिलीच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल तर वेबसॉकेटचा, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून नेटवर्कवरून ओबीएसला आदेश पाठवण्याचा मार्ग अधिक मोकळा आहे. 28व्या आवृत्तीपासून हे आदेश घेणारा सर्व्हर ओबीएसमध्येच येतो. टूल्स मेनूतील त्याच्या सेटिंगमध्ये तो चालू करून पासवर्ड ठेवावा. त्याचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, मुळात 4455 असतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून आधी सीनचे आणि सोर्सचे नाव देऊन आयटमचा क्रमांक मागवावा लागतो, मग तो क्रमांक वापरून दृश्यता बदलावी लागते. हा क्रमांक त्या सीनपुरताच खरा असतो, म्हणून तो प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहून ठेवू नये, प्रत्येक वेळी विचारून घ्यावा. आयटम ग्रुपमध्ये (एकत्र बांधलेल्या आयटमांच्या गटात) असेल तर सीनच्या नावाऐवजी ग्रुपचे नाव द्यावे लागते. हा संवाद सांकेतिक स्वरूपात जात नाही, म्हणून पोर्ट इंटरनेटवर उघडू नये, मैदानावरच्या आपल्या राउटरपुरताच ठेवावा.

पूर्वदृश्य आणि प्रत्यक्ष प्रक्षेपण शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या स्टुडिओ मोडमध्ये 'डुप्लिकेट सीन' हा पर्याय चालू असेल, तर दृश्यतेतील बदल प्रेक्षकांपर्यंत न जाता पूर्वदृश्यातच राहतो. मॅक्रो बरोबर असूनही पट्टी दिसत नसेल तर प्रथम हेच तपासावे. मीडिया सोर्स लपवला की त्याचा आवाजही थांबतो. ब्राउझर सोर्सवर (वेबपान दाखवणाऱ्या सोर्सवर) 'दिसत नसताना बंद करा' ही खूण असेल तर तो दाखवताना पान नव्याने उघडते आणि क्षणभर रिकामी चौकट दिसते, म्हणून निर्णायक चढाईच्या पट्टीसाठी ती खूण काढून टाकावी.

पट्टी एकदम उमटू नये यासाठी आयटमवर उजवी क्लिक करून दाखवण्याचे व लपवण्याचे संक्रमण निवडता येते. 300 मिलिसेकंद पुरतात.

शेवटी आणखी एक मॅक्रो करावा: प्रक्षेपण सुरू झाले की सर्व पट्ट्या लपवाव्यात आणि फक्त गुणफलक दाखवावा. ओबीएस मागच्या वेळची दृश्यता जशीच्या तशी जपून ठेवते, आणि कालच्या अंतिम सामन्याची 'विजेता' पट्टी आजच्या पहिल्या सामन्यावर येते ती त्यामुळेच. हा मॅक्रो झाला की दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग करावे, गुणलेखकाला खोट्या चढाया भरायला सांगाव्यात आणि ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत पाहावे.