मुलांच्याच मजकुराचं हस्तलिखित कसं काढावं

शाळाशाळांतून निघणारी हस्तलिखितं मी आवर्जून चाळते. मुखपृष्ठावर रंगीत मोर, आत 'पाणी हेच जीवन' आणि 'माझी शाळा', अक्षर मोत्यासारखं. पण लिहिणारं मूल एकाही पानावर भेटत नाही. मजकूर बाईंनी किंवा सरांनी दिलेला, आणि चांगल्या अक्षराच्या चार मुलींनी तो उतरवलेला. याला सर्जनशीलतेचा उपक्रम म्हणणं मला पटत नाही. चौथीच्या पुढचा कुठलाही वर्ग स्वतःच्या मजकुराचं हस्तलिखित काढू शकतो.

विषय अरुंद द्या. 'कल्पनेला वाव द्या, मुलांना हवं ते लिहू द्या' हा सल्ला हमखास मिळतो. तो बाजूला ठेवा. हवं ते लिहा म्हटलं की मूल गाइडमधला पाठ केलेला निबंध लिहितं, कारण शाळेत 'लिहिणं' म्हणजे तेच, असं ते आजवर शिकलेलं असतं. 'पावसाळा' नको. 'पहिल्या पावसात घर कुठे गळलं आणि तिथे काय ठेवलं' हा विषय द्या. 'माझा आवडता प्राणी' नको, 'घरातलं किंवा गल्लीतलं एक जनावर आत्ता काय करत असेल' द्या. आणि नमुना वाचून दाखवू नका. चांगला नमुना ऐकला की सगळ्या वर्गाच्या वह्यांत तोच उतरतो.

पहिलं लेखन. कच्च्या वहीत, एका बैठकीत, वीस मिनिटं.

कच्चा मजकूर हातात आल्यावर. खरी कसोटी इथे आहे. मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त दमवलं. पाचवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं: 'कोंबडी हा उपयुक्त पक्षी आहे. कोंबडी अंडी देते. आमच्या घरी कोंबडी आहे.' पहिली दोन वाक्यं पुस्तकातली, तिसरं त्याचं. बोट तिसऱ्यावर ठेवायचं आणि विचारायचं.

"आत्ता कुठाय ती?"

"कणगीमागं. खुडूक बसलीय."

"किती अंड्यांवर?"

"अकरा. आजी जोड ठिवत न्हाई, बाई."

"हात घातला तर?"

"टोचती. आजीला न्हाई टोचत."

इथे थांबायचं आणि एवढंच म्हणायचं, "मला सांगितलंस तसंच लिही." त्याने लिहिलं, आणि खाली स्वतःहून भर घातली: 'ती आजीला वळखती. आजी हात घालायच्या आधी तिच्याशी बोलती.' हे वाक्य कुठल्याही शिक्षकाला सुचलं नसतं.

विचारण्याचे माझे नियम पक्के आहेत. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तेच विचारा. बाई परीक्षा घेतायत की त्यांना खरंच जाणून घ्यायचंय, हे मुलाला लगेच कळतं. कुठे, किती, कोण काय म्हणालं, मग काय झालं, असं विचारा. 'तुला कसं वाटलं?' विचारूच नका, 'मला खूप आनंद झाला' हेच परत येईल. तीन-चार प्रश्न झाले की उठा. पेन्सिल आपल्या हातात घेऊ नका. एखादा शब्दही सुचवू नका, कारण बाईंचा शब्द मिळाला की मूल स्वतःचा टाकून देतं. मोठ्या वर्गात एका दिवशी सात-आठ मुलांपाशीच बसता येतं, ते पुरे. बाकीच्यांना तोवर चित्रं काढू द्या. आठवड्याभरात मुलं एकमेकांना हेच प्रश्न विचारायला लागतात. त्यासाठी 'कुठे? किती? कोण काय म्हणालं?' फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

लाल पेन कपाटात. 'वळखती'चं 'ओळखते' करायचं नाही. राहिलेला अनुस्वार, चुकलेली वेलांटी या गोष्टी वेगळ्या. त्या मुलासोबत बसून पक्की प्रत काढताना दुरुस्त करा. बोली म्हणजे चूक नव्हे. तिला हात लावलात तर पुढच्या खेपेला 'कोंबडी हा उपयुक्त पक्षी' परत येतो. कुणी हरकत घेतलीच, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा: मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावं आणि आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडायला मदत करावी, हे त्यात स्पष्ट आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने तर १९२० च्या दशकात खेड्यातल्या शाळेत छोटं छपाई यंत्र आणलं आणि मुलांचे स्वतःचे मजकूर मुलांकडूनच छापून घेतले. आपल्याला कागद आणि पेन पुरे.

पक्की प्रत. ए-फोर कागद, एकाच बाजूला लेखन, शिलाईसाठी डावीकडे दीड इंच समास. ज्याचा मजकूर त्यानेच उतरवायचा, अक्षर कसंही असो. यात तडजोड करू नका. मुखपृष्ठ सगळ्यांत शेवटी.

नंबर काढू नका. पहिला-दुसरा आला की पुढच्या अंकात सगळे पहिल्यासारखं लिहितात.

वाचन. अंक मुख्याध्यापकांच्या कपाटात जाऊ देऊ नका. रोज एका मुलाच्या घरी रात्रभर पाठवा. मागे आठ-दहा कोरी पानं शिवून ठेवा. घरचे वाचताना किंवा ऐकताना जे सांगतील ते मूल त्यावर लिहून आणेल. पुढच्या अंकाचे विषय मी त्या पानांवरूनच निवडते.