मिठाचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवा

गेल्या वर्षी माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ टक्के आलं, हवं त्यापेक्षा जास्त. त्याच संध्याकाळी मी फ्रिजवर एक कागद चिकटवला: साखर कमी करणे, पळायला लागणे, घरचंच खाणे, मुलाला स्वयंपाक शिकवणे. दीड महिन्यानं तो कागद एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता आणि आमच्या ताटात काहीही बदललेलं नव्हतं. मी हिशेब तपासण्याचं काम करते. कुणी ‘खर्च कमी करायचा आहे’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठला आणि किती? तो प्रश्न मी माझ्याच कागदाला विचारला नव्हता.

मग कागद काढला आणि ओट्याजवळ एक वही ठेवली. नियम एकच: आठवड्याला एक प्रयोग, आणि त्यात एकच गोष्ट बदलायची. वहीत तीन ओळी. काय बदललं, किती ग्रॅम किंवा किती मिनिटं, आणि जेवणानंतर पातेल्यात किती उरलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. घरची माणसं ‘छान झालंय’ म्हणतात, पण पातेलं खरं सांगतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चव का बिघडली ते कळत नाही, आणि मग आपण दोन्ही सोडून देतो.

सुरुवात मिठापासून करा. याला ना नवा पदार्थ लागतो, ना जास्तीचा वेळ. वजनकाटा मात्र हवा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा चालतो. रविवारी रात्री मिठाचा डबा काट्यावर ठेवा, आकडा लिहा. आठवडाभर नेहमीसारखं शिजवा. पुढच्या रविवारी पुन्हा वजन करा. आमच्या डब्यातलं १८९ ग्रॅम मीठ गेलं होतं. तिघं जण, सात दिवस, म्हणजे माणशी रोज ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. आणि आमच्या ९ ग्रॅममध्ये पाव, सॉस, चीज यांतलं मीठ धरलेलंच नव्हतं. तेही मोजायचं असेल तर पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचनं गुणा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

कमी करताना एकदम निम्म्यावर येऊ नका. दर पंधरा दिवसांनी दहा टक्के. १८९ वरून १७०, मग १५३. जीभ हळूहळू सवय करून घेते आणि इतका फरक सहसा लक्षात येत नाही. १३८ वर मात्र नवऱ्यानं जेवताना मिठाचा डबा मागितला. मी पंधरा दिवस तिथंच थांबले, मागे गेले नाही. तीन महिन्यांनी आम्ही आठवड्याला ११२ ग्रॅमवर होतो, माणशी साडेपाच ग्रॅमच्या आत. हिशेब अगदी काटेकोर नाही, उकळून ओतलेल्या पाण्याबरोबर काही मीठ वाहून जातं, पण दिशा कळायला पुरेसा आहे. एक सावधगिरी: बाजारात पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

मीठ कमी केलं की जेवण अळणी लागतं, आणि बहुतेक जण इथंच हात टेकतात. इथं चव दुसरीकडून आणावी लागते. मी सर्वात जास्त शिकले ती कोबीवर.

मी कोबी चिरायचे, धुवायचे, कढईत टाकायचे, लगेच मीठ घालायचे, झाकण ठेवायचे. कोबी मऊ पडायचा, पाणी सुटायचं, आणि त्या फिकट ढिगाऱ्याला चव आणायला आणखी मीठ. आता उलट करते. कोबी आधी धुते, चिरून स्वच्छ फडक्यावर पसरते आणि वरूनही टिपून घेते. रुंद लोखंडी तवा मोठ्या आचेवर तीन मिनिटं तापवते, मग चमचाभर तेल. ४०० ग्रॅम कोबी दोन वेळा करून टाकते, एका वेळी निम्मा, म्हणजे प्रत्येक तुकडा तव्याला टेकतो. आणि मग हात मागे घ्यायचा. तीन मिनिटं ढवळायचं नाही. हे अवघड जातं, उलथनं आपोआप पुढं सरकतं. पहिल्या मिनिटात जोरात चरचर येते, ते पाणी उडून जात असतं. आवाज बारीक झाला की खाली तपकिरी रंग धरायला लागतो आणि वास बदलतो, कच्च्या कोबीचा उग्रपणा जाऊन भाजक्या दाण्यांसारखा गोडसर होतो. तेव्हा उलटा. आणखी दोन मिनिटं, आणि मीठ अगदी शेवटी, २ ग्रॅम. आच बंद केल्यावर अर्धं लिंबू.

असं का होतं ते कळलं की हीच युक्ती फुलकोबी, गाजर, कांदा, मशरूम सगळ्यांना लावता येते. पाणी १०० अंशांवर उकळतं. भाजी ओली आहे तोवर तिचा पृष्ठभाग त्याच्या फार वर जात नाही. ज्या क्रियेमुळे भाजल्याचा रंग आणि चव येते, ती १४० अंशांच्या आसपास जोर धरते. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. मीठ आधी घातलं की भाजीतलं पाणी बाहेर येतं आणि तवा पुन्हा गार पडतो. तव्यात गर्दी केली तरी तेच. त्या दिवशी वहीत तिसऱ्या ओळीत लिहिलं: उरलं शून्य.

पुढची पायरी तंतूंची, म्हणजे फायबरची. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात जवळजवळ ८ ग्रॅम मिळतात, म्हणून सुरुवात मसुरानं करा. अख्खा मसूर भिजवावाही लागत नाही, पंचवीस मिनिटांत मऊ होतो. प्रमाण आठवड्याआठवड्यानं वाढवा आणि पाणी जास्त प्या, नाहीतर पोट फुगतं आणि दोष बिचाऱ्या कडधान्याला लागतो.

राजम्याबद्दल मात्र मला नीट बजावून सांगायचं आहे. वेळ वाचवायचा म्हणून मी एकदा राजमा विजेवर मंद शिजवणाऱ्या पातेल्यात (स्लो कुकरमध्ये) दिवसभर ठेवला. दिसायला शिजला होता, दाताखाली थोडा कचकचीत होता. जेवल्यावर दोन तासांत आम्हा तिघांना उलट्या सुरू झाल्या. कच्च्या राजम्यात एक प्रथिन असतं, लेक्टिन, आणि ते मंद उष्णतेनं नष्ट होत नाही. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळून उकळा. कमीत कमी १० मिनिटं सांगतात, मी ३० ठेवते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, त्यामुळे नीट मऊ होईपर्यंत कुकरला लावला तर काळजी नाही. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे.

भात, पाव, बटाटे मी सोडले नाहीत. आधी भाजी आणि मसूर किंवा अंडं, भात शेवटी, एवढा क्रम बदलला, आणि जेवण झालं की पंधरा मिनिटं चालणं. दोन्हींनी जेवणानंतरची साखर कमी चढते. भात जास्त करून ठेवत असाल तर तो ओट्यावर रात्रभर राहू देऊ नका. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही जगतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. भात पसरट भांड्यात पसरायचा, वाफ गेली की फ्रिजमध्ये, आणि हे सगळं दोन तासांच्या आत.

पळण्याचा आणि स्वयंपाकाचा काय संबंध, असं मला कागद चिकटवताना वाटायचं. संबंध वेळेचा आहे. रविवारी दोन तास मसूर, चणे आणि टोमॅटोचा रस्सा करून ठेवते. त्यामुळे मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी माझी चाळीस मिनिटं सुटतात, आणि वहीत त्या दोन दिवसांसमोर पदार्थाऐवजी ‘पळणे’ लिहिलेलं असतं. आधी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. सहाव्या महिन्यात ५ किलोमीटर न थांबता झाले, ४१ मिनिटांत.

एचबीए१सी दर महिन्याला तपासून मन खट्टू करून घेऊ नका. त्यात रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजतात आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. तीन महिन्यांनी तपासा. माझा ६.१ वरून ५.९ झाला, मग ५.८. ५.७ च्या खाली जायचं आहे, अजून गेलेला नाही. प्रयोग चालू आहेत.

राहिली कागदावरची चौथी ओळ. मुलगा पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जातोय. त्याला पाच पदार्थ यावेत एवढंच ठरवलं. शिकवण्याची पद्धत अशी: मी वहीतून पाककृती लिहून देते आणि स्वयंपाकघराच्या बाहेर बसते. त्याला काही विचारावं लागलं तर चूक माझ्या लिहिण्यात आहे, आणि ती ओळ मी पुन्हा लिहिते. पहिल्याच दिवशी आतून आवाज आला, “आई, कांदा सोनेरी होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत गं?” मी आत जाऊन त्याच्याबरोबर घड्याळ लावलं. आता तिथं लिहिलंय: मध्यम आच, बारीक चिरलेला २०० ग्रॅम कांदा, १४ मिनिटं, दर दोन मिनिटांनी ढवळ, कडा तपकिरी आणि मधला भाग पिवळट दिसला की पुढचं टाक. ‘चवीपुरतं मीठ’ तर सगळीकडूनच काढून टाकलं आणि ग्रॅम लिहिले. हे करताना माझ्याच पाककृतींत किती गोष्टी मी फक्त हातानं जाणत होते ते दिसलं.

गेल्या गुरुवारी मी पळून आले तेव्हा मसुराचं सूप तयार होतं. त्यानं एकही हाक मारली नव्हती. पातेल्यात दोन डाव उरलं होतं, आणि वहीत त्याच्या तिरप्या अक्षरात तीन ओळी होत्या. लसूण दोन पाकळ्या वाढवला. मीठ ६ ग्रॅम, पुरलं. उरलं आईसाठी ठेवलंय, मोजू नको.